मोबाईलवरची वंदना

प्रिय बाळा,
सप्रेम जयभीम.

तुझा प्रश्न आईनं कळवला. वर्गातली मैत्रीण म्हणाली, "मोबाईलसमोर मेणबत्ती लावून कुणी पूजा करतं का? ती देवाला पोचते तरी का?" आणि तू मला विचारलंस, आपली रविवारची मोबाईलवरची बुद्धवंदना खरी का?

पोचवायची कुणाला, तिथूनच सांगतो. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये स्पष्ट केलंय. वंदना कुणाकडे पाठवायची नसते, म्हणणाऱ्यानं स्वतःला सावध करायचं असतं. मग ती विहारात म्हण, वास्कोच्या आपल्या घरात म्हण, नाहीतर माझ्यासारखी इथं बहारीनमध्ये कामावरून आल्यावर कॉटवर बसून.

मात्र एक गोष्ट मी मानतो. त्रिशरण-पंचशील, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच शीलं, घेताना आधी आपण याचना करतो, ती द्या अशी विनंती. मग भन्ते, म्हणजे भिक्खू, म्हणतात, "यमहं वदामि तं वदेथ", म्हणजे मी म्हणतो ते म्हणा. आपण "आम, भन्ते" म्हणतो. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ऐकून स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. त्यासाठी पलीकडे माणूस लागतं. कुडाळहून काका, पुण्याहून आत्या जोडलेली असते, भन्ते थांबत थांबत एकेक शील देतात, तेव्हा ते खरंच शील घेणं असतं. आवाज मागेपुढे होतो म्हणून आपण माइक बंद ठेवतो, तरी प्रत्येकाचे ओठ हलताना दिसतात. आजी यूट्यूबवर वंदना लावून भाकऱ्या थापते, तेही चांगलंच, त्यानं पाठांतर होतं. पण ते ऐकणं झालं, घेणं नव्हे.

आता तुझ्या गावाजवळचीच गोष्ट. तुझी बस सांकवाळवरून जाते ना? तिथं 1876 साली बौद्ध धम्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी जन्मले. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धांचं चरित्र वाचलं आणि त्यांना ध्यास लागला. पण गोव्यात शिकवणारं कुणी नाही, ग्रंथ नाहीत. 1899 मध्ये बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेला पोचले, 1902 मध्ये तिथं श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, झाले. तिथले पाली ग्रंथ सिंहली लिपीत होते. आज इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानं अख्खं पाली तिपिटक, म्हणजे बौद्धांचे मूळ ग्रंथ, इंटरनेटवर फुकट ठेवलंय. देवनागरीत उघड, लिपी बदल, तेच सुत्त, म्हणजे बुद्धांचा तोच उपदेश, सिंहलीत दिसतं. घरापासून लांब राहणारा बाप म्हणून मला बाळाबाई आणि त्या लेकराची आठवण येते, आणि ते सुत्त असं सहज समोर आलं की मन भरून येतं.

सहज मिळतं म्हणून जपूनही राहा. सकाळी सकाळी कमळाच्या फोटोवर 'भगवान बुद्ध म्हणाले' असं लिहून काहीबाही फिरत असतं. त्यावर महापरिनिब्बान सुत्तात उपाय दिलाय. कुणी म्हणालं, "मी हे प्रत्यक्ष भगवंताच्या तोंडून ऐकलं," तरी लगेच मान डोलवू नका, झिडकारूही नका. शब्द नीट लक्षात ठेवा, सुत्ताशी आणि विनयाशी, म्हणजे भिक्खूंच्या नियमांशी, ताडून बघा, जुळलं तर घ्या. कुणी असा फोटो पाठवला तर विचार, कुठल्या सुत्तात आहे? मोठ्यांनाही विचार, मी परवानगी देतो.

काही गोष्टी मात्र मोबाईलवर होत नाहीत. दहा दिवसांच्या विपश्यना ध्यानशिबिरात सुरुवातीलाच मोबाईल जमा करून घेतात, तो शेवटीच हातात येतो. भन्तेंना भोजनदान द्यायचं, पौर्णिमेला विहार झाडायचा, खीर वाटायची, नवीन आलेल्या कुटुंबाला शेजारी बसवून घ्यायचं, यासाठी आपण स्वतःच जायला हवं. घरी ऑनलाइन वंदना झाली म्हणून पौर्णिमेचं जाणं टाळू नकोस. आजीचे गुडघे दुखतात, तिची गोष्ट वेगळी.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागी मुक्काम, लागेल. आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज रात्री ग्रंथवाचन करायचं काकांनी ठरवलंय. तुमचे आठ वाजतील तेव्हा इथं साडेपाच झालेले असतील, मी बसमधूनच जोडला जाईन. पहिल्या दिवशी याचना तू म्हण. "सद्धिं" म्हणताना अडखळतेस, तेवढं आजीकडून नीट करून घे.

तुझे पप्पा