शेजारच्याने घेतलं म्हणून?

मार्च जवळ आला की ‘कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ अशी पत्रं येऊ लागतात. ‘कशासाठी घेऊ?’ असं विचारणारं पत्र अजून यायचंय. यंदाच्या पत्रांतले पाच प्रश्न घेतो.

आमची उलाढाल तीन कोटींच्या आत आहे. ई-इनव्हॉइसचं मॉड्यूल घ्यावंच लागेल, असं विक्रेता म्हणतो. (सूत व्यापारी, इचलकरंजी)

नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसच्या (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाच्या) सक्तीची मर्यादा पाच कोटी उलाढालीची आहे. मात्र २०१७-१८ पासून एखाद्या वर्षी ती ओलांडली असेल, तर सीएंना विचारा.

आमची भागीदारी पेढी आहे. ‘एडिट लॉग’ची आवृत्ती सक्तीची झाल्याचं ऐकलं. (सांगली)

कुणाकडून ऐकलं? हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याचा, १ एप्रिल २०२३ पासूनचा तो नियम कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना आहे. सोय चांगली आहे, हवी तर घ्या. सक्ती म्हणून घेऊ नका.

आमची फाउंड्री आहे, पंपांची कास्टिंग करतो. शेजारच्या दोघांनी ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारी प्रणाली) घेतली, आपण मागे पडतोय असं मुलगा म्हणतो. विक्रेता ‘तुमच्या पद्धतीप्रमाणे सगळं बदलून देतो’ म्हणतोय. (शिरोली)

शेजाऱ्यांनी ती का घेतली, हे विचारलंत का? त्यांच्या गिऱ्हाईक वाहन कंपनीने प्रत्येक कास्टिंगची हीट नंबरनिहाय (कोणत्या वितळणीतून ओतलं, त्यानुसार) नोंद मागितली असेल, तर त्यांना इलाज नव्हता. तुमचे पंपवाले असं काही मागतात का?

विक्रेत्याच्या वाक्याने मला जास्त धडकी भरते. जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केट साखळीने २०११ मध्ये सॅप या कंपनीची ईआरपी प्रणाली बसवायला घेतली. लिडल मालसाठ्याचं मूल्य खरेदीच्या भावाने धरायची, प्रणाली विक्रीच्या भावाने. कंपनी आपली पद्धत सोडेना, म्हणून प्रणालीत फेरफार होत गेले. २०१८ मध्ये काम गुंडाळलं, तोवर सुमारे ५० कोटी युरो गेल्याच्या बातम्या होत्या. लिडलला ते पेललं, तुम्हाला पेलेल? फेरफाराचे पैसे आज द्यायचे आणि नवी आवृत्ती आली की बहुधा पुन्हा द्यायचे, हे डेमोत कुणी सांगत नाही. (डेमोला काजू असतात, स्टोअरकीपर नसतो.)

गेल्या महिन्यात घोळ झालेल्या दहा ऑर्डरी काढा: रिजेक्शन, जॉबवर्कला जाऊन अडकलेला माल, करायचं राहून गेलेलं बिल. त्या स्टोअरकीपरसमोर प्रणालीत चालवून दाखवायला सांगा. त्यातले किती घोळ गेटवर मालाचं चलन न लिहिल्यामुळे झाले तेही मोजा. आज जो चलन लिहीत नाही, तो ईआरपी आल्यावरही लिहिणार नाही. सही करण्याआधी विक्रेत्याकडून कमिशन न घेणारा सल्लागार गाठा. फी मागेल, द्या.

नवी प्रणाली दिवाळीच्या हंगामाआधी सुरू करावी का? (मिठाई उत्पादक, नाशिक)

नको. अमेरिकेच्या हर्शी या चॉकलेट कंपनीने चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकून जुलै १९९९ मध्ये नवी प्रणाली सुरू केली. पुढच्याच हॅलोविन सणाला गोदामात चॉकलेट असूनही सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचवता आल्या नाहीत. मंदीचे महिने धरा, आणि जुनी वही कधी बंद करायची ते सीएंशी बोलून ठरवा.

आमच्या पतसंस्थेतले कर्मचारी सभासदांचे खातेउतारे फुकटच्या एआय चॅटबॉटमध्ये टाकून कर्जाची टिपणं बनवतात. चालेल का? नव्या प्रणालीवर ३१ मार्चपर्यंत ४० टक्के सवलतही आहे. (सचिव, सातारा)

चॅटबॉट आजच थांबवा, उद्याच्या सभेची वाट पाहू नका. सभासदाने उतारा कर्जासाठी दिला होता. विदासंरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तुम्हाला काय लागू होतं ते वकिलाकडून लेखी घ्या.

सवलतीचं म्हणाल, तर १ एप्रिलला फोन करून पाहा. तोवर करार त्याच वकिलाला दाखवा आणि एवढंच विचारा: प्रणाली सोडताना आमची माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळणार?