दाढेचा ठणका थांबला आहे, तरीही रूट कॅनाल करून घ्यावं का?

हो, करून घ्या, आणि लवकर करा. तुम्ही लिहिलंय की खालची दाढ आठवडाभर ठणकत होती, गरम चहा लागला की जीव जायचा, रात्री आडवं पडलं की जास्तच. मग गोळ्या घेतल्या आणि एके दिवशी दुखणं एकदम बंद झालं. मला काळजी वाटते ती या ‘एकदम’चीच.

दाताच्या आत मऊ गर असतो, त्यात नसा आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की गर सुजतो, पण भोवती कठीण दात असल्याने सुजेला पसरायला जागाच नसते. तो दाब म्हणजे तुमचा ठणका. पुढे गर मरतो, नस मरते, आणि दुखणं थांबतं. जंतू मात्र आतच राहतात. मेलेल्या गरात रक्त पोचत नाही, म्हणून तुमची अँटिबायोटिकही तिथवर पोचत नाही. हळूहळू संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरतो आणि एक्स-रेमध्ये टोकाशी काळा डाग दिसू लागतो. तुमच्या दाढेत हेच झालंय का, हे डॉक्टर थंड लावून, दातावर ठोकून आणि एक्स-रे बघून सांगतील. न दुखणारी दाढ त्यांना मुद्दाम तपासायला सांगा.

मी आपल्या इंदूरलाच खालच्या दाढेचं रूट कॅनाल करून घेतलंय, त्यामुळे भीती कसली असते ते ठाऊक आहे. सुई टोचली तेवढंच कळलं. दाढ फार भडकलेली असेल तर खालच्या जबड्यात बधिरपणा नीट चढत नाही, असंही होतं. अशा वेळी दुखलं की हात वर करा, डॉक्टर आणखी इंजेक्शन देतात. मला खरा त्रास झाला तो तोंड उघडं ठेवून जबडा अवघडल्याचा.

रूट कॅनालमध्ये डॉक्टर दाताला वरून भोक पाडून गर काढतात आणि बारीक सुयांनी मुळांच्या नळ्या साफ करतात. सुरुवातीच्या सुईचं टोक मिलिमीटरच्या एक दशांशाएवढं असतं. खालच्या मोठ्या दाढेत बहुधा ३ नळ्या असतात, वरच्या पहिल्या दाढेत अनेकदा ४, आणि ती चौथी सापडायला अवघड. एखादी नळी राहून गेली तर दाढ पुन्हा त्रास देऊ शकते, म्हणून घाई करणाऱ्यापेक्षा वेळ देणारा डॉक्टर शोधा. नळ्या धुवायला हायपोक्लोराइट हे जंतुनाशक वापरतात, त्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. ते घशात जाऊ नये आणि थुंकी दातात शिरू नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावतात. ‘रबर डॅम लावता का?’ हे आधीच विचारा. शेवटी नळ्यांमध्ये गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरतात.

त्यानंतर काही दिवस चावताना दुखलं तर घाबरू नका. आतली नस गेली तरी मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो, दाब त्यालाच कळतो. पण सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आता कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण. दुखणं गेलं की लोक इथेच थांबतात आणि याचं मला फार वाईट वाटतं. दाढ आतून पोखरलेली असते, चावण्याच्या जोराने ती उभी चिरू शकते आणि मुळापर्यंत चिरली की काढण्यावाचून इलाज नसतो. आपल्याकडे तर पोह्यांवर शेव, जेवणात शेव, संध्याकाळी पुन्हा शेव! कॅप बसेपर्यंत त्या बाजूने काही कडक चावू नका. खर्च विचारताना कॅपसकट आकडा विचारा. खाजगीत झेपत नसेल तर इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा. फेऱ्या जास्त पडतील, पण शिकणाऱ्यांवर शिक्षकांची नजर असते.

व्हॉट्सॅपवर फिरणारं ‘रूट कॅनालमुळे शरीरात रोग होतात’ हे प्रकरण वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्याच्या १९२० च्या दशकातल्या मतांवरून आलंय. त्याचे प्रयोग पुढच्या संशोधनात टिकले नाहीत.

तुमच्या आई म्हणतात तशी दाढ उपटली तर आज पैसे वाचतील. पण रिकाम्या जागेत शेजारचे दात कलतात, वरचा खाली उतरतो, आणि पुढे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात) किंवा इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून बसवलेला दात) करायचं म्हटलं तर खर्च बहुधा जास्तच येतो. दाढ उभी चिरली असेल किंवा कॅप धरण्याइतका दातच उरला नसेल, तर मात्र आईंचंच ऐका. या आठवड्यात एक्स-रे काढून डॉक्टरांना एवढंच विचारा: कॅप बसेल इतका दात शिल्लक आहे का?