नायट्रेट ४८ वरून ११ झालं? आधी एकक विचारा

तुम्ही लिहिलंय, वाळव्याकडच्या विहिरीचं पाणी नायट्रेट उन्हाच्या मदतीने तोडण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइडची पूड घालून दिवसभर उन्हात ठेवलं आणि नायट्रेट लिटरमागे ४८ मिलिग्रॅमवरून ११ वर आलं. तपासण्या दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत केल्यात. आता त्या ११ ला ४.४३ ने गुणा, नायट्रोजनच्या आकड्यावरून नायट्रेटचा आकडा असाच काढतात. ४८.७ येतात. म्हणजे बहुधा काहीच कमी झालेलं नाही. पहिल्यांनी नायट्रेटचा आकडा दिला, दुसऱ्यांनी त्यातल्या नायट्रोजनचा.

हे लगेच ओळखलं, कारण माझी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी आणि प्रकल्पाचे पैसे यातच गेले. अहवालावर नुसतं ‘नायट्रेट, मिग्रॅ/लिटर’. विचारायला गेलो तर ‘आमचा फॉरमॅट हाच आहे, साहेब आल्यावर या.’ साहेब कधी भेटलेच नाहीत. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची ४५ ची मर्यादा नायट्रेटची आहे, नायट्रोजनमध्ये ती जेमतेम १० भरते. उसाच्या पट्ट्यातला माणूस ११ वाचून निर्धास्त होतो आणि तेच पाणी पीत राहतो. एवढी एक ओळ छापायला काय जातं यांचं?

आता प्रयोगाचं. नुसत्या पुडीवर उन्हात फार काही होत नाही. तिला साधारण ३८७ नॅनोमीटरच्या आतला, म्हणजे अतिनील (यूव्ही) प्रकाश लागतो, उन्हात तो चार-पाच टक्केच असतो. शिवाय प्रकाशामुळे पुडीत सुटलेला इलेक्ट्रॉन नायट्रेटला मिळायचा तर मागे उरलेला होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, कुणीतरी खाल्ला पाहिजे. त्यासाठी फॉर्मिक आम्ल घालतात, आणि पुडीवर चांदी किंवा तांबं-पॅलेडियम चढवतात. एवढं करूनही नायट्रेटचा नायट्रोजन वायूच होईल असं नाही, नायट्राइट किंवा अमोनियाही होतो. म्हणून तिन्ही तपासा, नाहीतर नायट्रेट घटलं या आकड्याला माझ्या मते काही किंमत नाही. फॉर्मिक आम्ल वापरलंत तर पाणी किती प्रकाश शोषतं यावरून नायट्रेट मोजणारी २२० नॅनोमीटरची यूव्ही पद्धत टाळा, त्या आम्लाचं शोषणही तिथेच येतं. आयन क्रोमॅटोग्राफी मागा, तिच्यात पाण्यातले आयन वेगळे करून मोजतात. तुलनेसाठी एक बाटली अंधारातही ठेवा. आणि सुरुवात डिस्टिल्ड पाण्यात पोटॅशियम नायट्रेट घालून करा, विहिरीतले क्लोराइड-बायकार्बोनेट आडवे येतात.

प्रयोगाचं पाणी कुणाला प्यायला देऊ नका. घरासाठी सध्या आरओच बरा, त्याचं सोडलेलं पाणी क्षार बघून उसाला द्या. उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. मी डॉक्टर नाही, पण घरात सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर दुधाची पावडर या विहिरीच्या पाण्यात अजिबात कालवू नका.