‘सप्तर्षी नक्षत्र’ म्हणावे का?

‘सप्तर्षी नक्षत्र’ हा प्रयोग बरोबर आहे का, आणि नक्षत्र व तारकासमूह हे शब्द समानार्थी मानावेत का, असे एका वाचकाने विचारले आहे. काटेकोर लिहायचे असेल, तर दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते.

ऋग्वेदात ‘नक्षत्र’ म्हणजे कोणताही तारा असू शकतो, आणि ‘नक्षत्रासारखी मुलगी’ म्हणताना आपणही त्याच मोकळ्या अर्थाने बोलतो. ज्योतिर्गणितात मात्र या शब्दाला माप आले. चंद्र ताऱ्यांमधून एक फेरी सुमारे २७.३ दिवसांत पुरी करतो, म्हणून त्या वाटेचे २७ भाग कल्पिले गेले आणि प्रत्येकाच्या वाट्याला १३ अंश २० कला आल्या. सप्तर्षी या वाटेच्या पुष्कळ उत्तरेला आहेत. चंद्र तिकडे कधी फिरकतच नाही. तारकासमूह मात्र सबंध आकाशाचे असतात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९२२ साली ठरवलेल्या ८८ समूहांपैकी बृहद्ऋक्षातले सात ठळक तारे म्हणजे आपले सप्तर्षी.

खरा घोळ मृगाचा आहे. चार ताऱ्यांचा चौकोन म्हणजे हरणाचे पाय, मधले ओळीतले तीन तारे म्हणजे पोटात रुतलेला बाण, आणि ती ओळ आग्नेयेकडे वाढवली की लखलखणारा व्याध, असे जे चित्र आपण ओळखतो, तो तारकासमूह झाला. नक्षत्र म्हणून मोजतात ते मृगशीर्ष, म्हणजे शब्दशः हरणाचे डोके: चौकोनाच्या उत्तरेचा तीन मंद ताऱ्यांचा इवलासा त्रिकोण, जो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. शिवाय चौकोनातला तांबूस काक्षी हा तारा बहुधा आर्द्रा या पुढच्या नक्षत्राचा मानतात. म्हणजे एकाच समूहात दोन नक्षत्रे. आणि जूनमध्ये ‘मृग लागला’ असे म्हणतो तेव्हा सूर्यच त्या भागात असल्यामुळे मृग रात्री दिसतच नाही.

राशीच्या बाबतीतही असेच सांभाळावे. रास हे ३० अंशांचे सारखे माप आहे, तर वृश्चिक तारकासमूहाच्या सीमेत सूर्य जेमतेम आठवडाभर असतो. त्यामुळे आकाशातल्या विंचवाविषयी लिहिताना ‘वृश्चिक रास दिसली’ यापेक्षा ‘वृश्चिक दिसला’ हे मला अधिक नेमके वाटते.