टिळकांचं नाव अजून पेपरात का येतं?

प्रश्न: टिळकांना जाऊन शंभर वर्षं उलटली, तरी पेपरात त्यांचं नाव सारखं का येतं?

उत्तर: कारण ते स्वतःच पेपरवाले होते ना! १८८१ ला पुण्यात केसरी निघाला, पहिले संपादक आगरकर (हे लोक विसरतात), आणि पुढे १८९७ मध्ये टिळकांच्या केसरीत अग्रलेखाचा मथळा आला, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' तो लोकांच्या तोंडी इतका बसलाय की आजही सरकार कुठलंही असो, चुकलं की कुणीतरी तोच फिरवून हेडिंग करतं. 'लोकमान्य' तर लोकांनीच दिलेलं, आता नावच झालंय. वाईट एवढंच वाटतं की कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस बोलताना नुसतं एलटीटी उरलंय, मी तरी पूर्ण नाव घेतो.