थट्टेकाडला जाताय? ‘एक दिवस गाइडसह’ म्हणजे नक्की किती तास, ते आधी विचारा

डिसेंबरात आईवडिलांना घेऊन सोलापूरहून केरळात थट्टेकाडच्या पक्षी अभयारण्यात जायचंय, एजंट ‘एक रात्र, एक दिवस, गाइडसह’ पॅकेज देतोय, पैसे भरू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळा आला. अगदी हेच पॅकेज मी आमच्या अण्णांसाठी घेतलं होतं.

तुम्ही सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात नेहमी जाता, म्हणजे दुर्बीण, कपडे वगैरे सांगायला नको. मुद्द्याचं सांगतो. लॉजवर चेक-इन दुपारी दोनला होतं, चेक-आउट दुसऱ्या दिवशी अकराला. पक्षी दिसायचे ते सहा ते साडेनऊ. म्हणजे हाती एकच सकाळ. त्या सकाळी गाइड दुसऱ्या ग्रुपला घेऊन गेलेला! बुकिंग ऑफिसला फोन केला तर “गाइड लॉजचा, त्यांना विचारा.” लॉजवाले म्हणाले, “तुमच्या पॅकेजात संध्याकाळची एकच फेरी आहे.” माझी सकाळ फोनवर गेली आणि अण्णा गळ्यात दुर्बीण अडकवून व्हरांड्यात बसून राहिले. साडेनऊनंतर रान चिडीचूप. पुढं त्यांचे गुडघे गेले, परत जाणं झालंच नाही. याचा राग अजून जात नाही.

गाइडशिवाय फिरू, असं मात्र मनात आणू नका. आपल्या माळावर धाविक पक्षी लांबून पळताना दिसतो, इथं पानांपलीकडे नजर जात नाही. भृंगराज, बुलबुल, सुतारपक्षी असा मिश्र थवा एकदम येतो, पाच मिनिटांत निघून जातो, मग अर्धा अर्धा तास काही नाही. आवाज ओळखणारा सोबत नसेल तर नुसती मान दुखते. १९८३ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम २५ चौरस किलोमीटरचं, त्यामुळं कोण कुठल्या फांदीवर बसतो हे तिथल्या माणसाला पाठ असतं. आमच्या त्या एका फेरीत गाइडनं वेलींच्या जाळीत, माणसाच्या उंचीवर, वाळक्या पानांचा झुबका दाखवला. अण्णा बराच वेळ बघत होते. मग त्या झुबक्यात चोचीभोवतीचे राठ केस दिसले. श्रीलंका फ्रॉगमाउथ या निशाचर पक्ष्याची जोडी, एक राखाडी, एक तांबूस, एकमेकांना खेटून झोपलेली. अण्णांनी माझा दंड घट्ट धरला होता.

म्हणून माझं मत: दोन रात्री घ्या, नाहीतर जाऊच नका. गाइड फक्त तुमच्यासाठी आहे का, सकाळी किती ते किती, त्याचे पैसे धरलेत का, हे मेसेजवर लिहून घ्या. जमलं तर खुद्द गाइडशी फोनवर बोला आणि आईवडिलांसाठी सपाट वाट मागा. माझा अनुभव काही वर्षांपूर्वीचा आहे, पद्धती बदलल्या असतील. सगळेच एजंट असे नसतात, हेही खरं.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायला कुणी तयार झाला तर नको म्हणा, पक्ष्यांना त्याचा त्रास होतो. जळवा पावसाळ्यात जास्त, तरी पँट मोज्यात खोचलेली बरी.

कन्याकुमारीच्या गाडीनं गेलात तर अलुव्याला उतरून कोतमंगलममार्गे जा. प्रवास रात्रंदिवसाचा आहे, पोचल्या दिवशी आईवडिलांना झोपू द्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी जास्तीची घ्या, सकाळी सहाला निघताना नाश्ता तयार नसतो.