फायबर बोटीचा डेक उघडायचा की बोटच बदलायची?

प्रश्न: मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. नोकरी सांभाळून भावासोबत रामटेककडच्या एका तलावावर पर्यटकांसाठी 16 फुटी फायबर बोट चालवतो. बोट 11 वर्षांची आहे. यंदा फ्लोअर पायाखाली दबायला लागला. हिंगण्याच्या एका कारागिराने डेक (वरचा भाग) आणि हल (खालची बॉडी) वेगळे करून आतलं सगळं नव्याने बांधायचे 1,90,000 सांगितले, वेळ दोन महिने. दुसरा म्हणतो, वरूनच फ्लोअर कापून 85,000मध्ये, तीन आठवड्यांत देतो. नवीन बोट इंजिनासकट 4,50,000ला पडते. जुनी इंजिनाशिवाय 60,000ला मागितली आहे. हंगामात महिन्याला 25,000 सुटतात. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी 3 लाखांची एफडी आहे, 7 टक्क्यांची, 22 महिने झालेत. ती मोडू, की बायकोच्या पाटल्या ठेवून कर्ज घेऊ?

नमस्कार भाऊ,

एफडी मोडू नका, पाटल्यांना हात लावू नका, आणि 1,90,000च्या कामाचा अॅडव्हान्स तर अजिबात देऊ नका. फ्लोअरखाली काय सडलंय ते अजून कोणीच पाहिलेलं नाही. दोन्ही कारागिरांनी वरून पाय दाबून आकडा सांगितलाय.

तुमच्या बोटीसारख्या बोटीत फ्लोअर म्हणजे बहुधा प्लायवूड आणि त्यावर फायबरचा थर. सीट, हूक यांच्या स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरतं आणि प्लाय आतल्या आत कुजतो. तेवढंच असेल तर काम 85,000चं आहे: कडेला दोनेक इंच पट्टी ठेवून फ्लोअर कापायचा, नवा प्लाय सगळ्या बाजूंनी रेझिनने बंद करून बसवायचा, वर फायबर मॅट. पण फ्लोअरखाली बोटीच्या लांबीत जाणारे आधार असतात, कारागीर त्यांना स्ट्रिंजर म्हणतात. तेच गेले असतील तर वरचा फ्लोअर बदलणं म्हणजे नुसती रंगरंगोटी.

ते ओळखायला पैसे फारसे लागत नाहीत. लाकडी मुठीने फ्लोअर ठोकत जा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, मुरलेल्या जागी बद्द. मग स्ट्रिंजरवर तीन-चार ठिकाणी 6 मिमीचं ड्रिल मारायला लावा. भुसा फिकट आणि कोरडा निघाला तर लाकूड ठीक आहे. काळा, ओला, बोटात चिवडला जाणारा निघाला तर नाही. भोकं लगेच बुजवून घ्या. आणखी एक करा: बोट ट्रेलरसकट धर्मकाट्यावर न्या, मग रिकामा ट्रेलर मोजा. इंजिन आणि टाकीचं वजन वजा केल्यावर कंपनीच्या कागदावरच्या वजनापेक्षा बॉडी शंभर-दीडशे किलो जड भरली, तर बोट तरंगावी म्हणून फ्लोअरखाली भरलेल्या फोमने पाणी प्यायलंय असं समजा. हे सगळं मजुरी धरून दोन-तीन हजारांत बसावं.

हिंगण्याचा कारागीर तुम्हाला फसवतोय असं मी म्हणत नाही. डेक आणि फ्लोअर एकाच साच्यातला सलग तुकडा असेल आणि खालचे आधार पूर्ण गेले असतील, तर डेक उचलून खालून काम करणं हीच चांगली पद्धत. वरचा न घसरणारा पृष्ठभाग शाबूत राहतो. पण त्यात पैसा कशावर जातो ते बघा. आधी इंजिन, स्टिअरिंग, केबल, वायरी, टाकी उतरवायची. काठाची रबर पट्टी काढायची, तिच्याखालचे रिव्हेट किंवा स्क्रू एकेक करून काढायचे, सांध्यातलं सीलंट कापायचं, मग चेनपुलीने डेक उचलायचा. डेक निघाला की खालच्या बॉडीचा ताठपणा जातो. नीट आधार दिले नाहीत तर ती फाकते आणि परत जोडताना काठ काठाशी जुळत नाही. म्हणून कोटेशनमध्ये आधाराचं स्ट्रक्चर, नवीन सांधा आणि पाण्यात उतरवून चाचणी हे लेखी हवं. जीएसटी धरून की वेगळा, तेही. शेवटचे 30 टक्के चाचणीनंतरच.

आता हिशोब. पावसाळा आणि सुना काळ वगळला तर तुमचे महिने सात, म्हणजे वर्षाला 1,75,000. वरून कापायचं काम साडेतीन महिन्यांत वसूल होतं. डेक काढायच्या कामात 1,90,000 अधिक बुडालेले दोन महिने, म्हणजे 2,40,000. पावसाची दमट हवा फायबरच्या कामाला वाईट, त्यामुळे ते दोन महिने नेमके दिवाळीच्या सुट्ट्यांत जाणार. वसुलीला जवळजवळ दीड हंगाम, तोही 11 वर्षांच्या बॉडीवर.

आणि नव्या बोटीशी तुलना करताना एक गोष्ट सुटलीय. 4,50,000मध्ये इंजिन आहे, तुमचं इंजिन तर चालू आहे. नुसत्या बॉडीचं कोटेशन मागा. जुनी 60,000ला जाते, म्हणजे नवी बॉडी 3 लाखांच्या आत मिळाली तर तुमच्या खिशातून तेच 2,40,000 जातात. मग डेक उघडायचं कारणच उरत नाही. फक्त नव्या बॉडीची नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा यांचा खर्च विचारून घ्या.

पैसा कुठून, तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट. तुमची पावती 7 टक्क्यांची, 22 महिने झालेत. मोडली तर बँक साधारण अर्धा ते एक टक्का कापते. एक टक्का धरला तरी 5,500 गेले, शिवाय पुढचं व्याज बंद. त्याच एफडीवर बँका सहसा एक-दोन टक्के जास्त दराने उचल देतात. 85,000 सहा महिन्यांसाठी 8 टक्क्यांनी घेतले तर व्याज 3,400, आणि तेवढ्याच रकमेवर तुमचं व्याज चालूच राहतं 2,975. फरक 425 रुपयांचा. हे गणित छोट्या रकमेलाच लागू आहे. फीची तारीख पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे एक लाखाच्या वर उचल नको.

आणि हो, धंदा दोघा भावांचा, मग दुरुस्ती एकट्या तुमच्या मुलीच्या फीमधून का? 25,000 वाटणीआधीचे असतील तर खर्चही निम्मा-निम्मा. अवघड वाटत असेल तर पुढच्या हंगामातल्या त्याच्या वाट्यातून कापून घ्यायचं ठरवा, पण कागदावर.

स्ट्रिंजर कोरडे निघाले तर 85,000चं काम द्या, दिवाळीआधी बोट पाण्यात असेल. दोन किंवा जास्त जागी काळा भुसा निघाला आणि नवी बॉडी 3 लाखांच्या आत मिळत असेल, तर 60,000वाल्याला फोन करा. इंजिन मात्र देऊ नका.